बैठे आणि भटके

३ मार्च, सोमवार

प्रयोगवहीत मतं लिहायला बंदी आहे. तिथे फक्त दिसलेलं लिहायचं: तारीख, तापमान, किड्याचा क्रमांक, किती चालला, काय केलं. माझ्याकडे मतांचा साठा दांडगा, म्हणून आजपासून ही दुसरी वही.

उद्या मी गचकलो आणि ही कुणाच्या हाती लागली, तर त्याच्या सोयीसाठी सांगतो. मी पिठातले किडे पाळतो. तेच ते, तांबडे, तांदळाच्या दाण्याहून लहान, डब्याचं झाकण उघडल्यावर लोक ज्यांच्या नावाने किंचाळतात. दोन वर्षांत त्यांच्या सतरा पिढ्या माझ्या हाताखालून गेल्या. प्रत्येक पिढीत प्रत्येक किड्याला कागद अंथरलेल्या बशीत सोडायचं, वर कॅमेरा लावायचा आणि अर्ध्या तासात तो किती चालला ते मोजायचं. सगळ्यात जास्त चालले त्यांची प्रजा एका बरणीत, सगळ्यात कमी चालले त्यांची दुसऱ्या. असं सतरा वेळा केल्यावर आता दोन घराणी झाली आहेत. एकाचं नाव मी ठेवलंय भटके, दुसऱ्याचं बैठे. भटका अर्ध्या तासात चार-पाच मीटर तुडवतो. बैठा ठेवला तिथेच संन्यास घेतो.

आता प्रश्न असा, की चालण्यात सगळी रग जिरवणाऱ्या नराला बायको मिळते का? निसर्ग दोन्ही हातांनी देत नाही. पाय दिले की कुठेतरी काहीतरी काढून घेतो. काय काढून घेतो, ते मला या महिन्यात दाखवायचं आहे. ४ एप्रिलला संस्थेत सगळ्यांपुढे बोलायचंय.

मतावरून आठवलं. माझी बायको भटकी आहे. पुलांची तपासनीस. शिरस्त्राण घालून पुलाखाली लटकते आणि तडे शोधते. दोन वर्षांपूर्वी तिची इथून पाच तासांवर बदली झाली. दर दुसऱ्या शनिवारी येते, रविवारी दुपारच्या गाडीने जाते. परवा आली होती. काल जाताना बूट घालता घालता म्हणाली, "बंदराच्या गावातली मोठ्या हुद्द्याची जागा मला देतायत. पाच वर्षांसाठी. इथून अकरा तास. पाच एप्रिलपर्यंत कळवायचंय. तू येशील का?"

मी म्हटलं, "बघू."

"काय बघणार?"

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. कुकरचे माझ्यावर फार उपकार आहेत.

७ मार्च, शुक्रवार

पद्धत ठरली. बाटलीच्या झाकणाएवढी डबी. तिच्यात नर सोडायचा, दहा मिनिटं त्याला स्थिरावू द्यायचं. मग मऊ ब्रशच्या टोकावर मादी घ्यायची आणि अलगद त्याच्यापुढे ठेवायची. पंधरा मिनिटांत जमलं तर बरोबरची खूण, नाही जमलं तर फुली. भटक्यांच्या पाठीवर पांढरा ठिपका, बैठ्यांच्या पिवळा, म्हणजे घोळ नको.

ठिपके द्यायचं काम मावशींचं. मावशी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या चाळण्या, बरण्या आणि पीठ सांभाळणाऱ्या बाई. बावीस वर्षं इथे आहेत. त्यांचा हात इतका स्थिर, की जिवंत किड्याच्या पाठीवर ठिपका देताना किड्याला कळत नाही. माझ्या हातून दिला की किडा ठिपक्यातच बुडतो.

१३ मार्च, गुरुवार

हातच्या कंकणाला आरसा कशाला! बैठे तिसातले सत्तावीस. भटके तिसातले चौदा.

भटका बघवत नाही. मादी नाकापुढे ठेवली तरी तो डबीच्या कडेकडेने गरागरा फिरतोय. तिला तीनदा धडकला, तीनदा बाजूने निघून गेला, जसं काही पुढच्या वळणावर याहून बरी उभी आहे. बैठा मात्र शांत. मादी आली, याने मिशा हलवल्या, संसार सुरू. धावपळ नाही, दगदग नाही.

मला अकरा वर्षं ऐकावं लागलंय, की मी घरकोंबडा आहे, जागचा हलत नाही, माझ्या पाठीला खुर्चीचा आकार आलाय. आता ऐकवणाऱ्यांनी जरा हे आकडे बघावेत. मी काही म्हणत नाही, किडे म्हणतायत.

१६ मार्च, रविवार

बायको येऊन गेली. तिला चित्रफीत दाखवली. आधी एका बैठ्याची, मग एका भटक्याची. मन लावून बघितली, मला बरं वाटलं. एरवी माझ्या किड्यांचं नाव काढलं की ती नळ दुरुस्त करायला घेते.

बघून झाल्यावर तिने विचारलं, "मादीला तिथे कोण आणतं?"

"मी. ब्रशने."

ती हसायला लागली. हसते आहे, हसते आहे, थांबेचना. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. शेवटी उठून तोंड धुऊन आली. पद्धतीत एवढा रस तिने पहिल्यांदाच घेतला.

मग म्हणाली, बंदराच्या गावात धान्य-संशोधन केंद्र आहे, तिथे याच तांबड्या किड्यांवर काम चालतं, तिने चौकशी केली आहे. मी म्हटलं, "ते लोक किडे मारायचं काम करतात. मी वाढवतो. खाटकाच्या दुकानात गवळ्याने नोकरी धरायची का?"

"ते तुला भेटायला तयार आहेत. फोन कर फक्त."

"सतरा पिढ्यांच्या बरण्या अकरा तास गाडीतून न्यायच्या? तापमान एका अंशाने हललं तरी..."

"बरं," ती म्हणाली. पूर्वी ती यावर तासभर भांडायची. हल्ली समजूतदार झाली आहे.

आज सकाळी तिने कपाट आवरलं. तिचे गरम कपडे, दोन जाडी पुस्तकं आणि उशी घेऊन गेली. उशी कशाला, विचारलं, तर म्हणाली तिकडची मानेला लागते. पण तिच्या आवराआवरीने आख्खा एक खण रिकामा झाला. मी त्यात लगेच पिठाच्या सहा बरण्या ठेवल्या. कधीपासून जागा हवी होती.

२० मार्च, गुरुवार

साहेबांना आकडे दाखवले. आमचे साहेब म्हणजे विभागप्रमुख. खुर्चीतून शेवटचे कधी उठले याची प्रयोगशाळेत नोंद नाही. आकडे बघून ते असे उजळले, की मला वाटलं आता उठतात की काय. उठले नाहीत.

"मी म्हणत नव्हतो?" ते म्हणाले. ते कधीच काही म्हणत नव्हते. "लोक उगाच परिषदांना पळतात. इकडे जा, तिकडे जा. एका जागी ठाण मांडून बसणाऱ्यालाच फळ मिळतं. हे असंच्या असं सांगा चार तारखेला. तुमचं कायम करण्याचं पत्र त्याच आठवड्यात पुढे सरकवतो."

गेली सहा वर्षं ते माझं पत्र पुढे सरकवतायत. टेबल फार लांब असावं.

२५ मार्च, मंगळवार

बायकोला चार दिवस फोन लागत नव्हता. आज लागला. एका पुलाच्या खांबाला मोठा तडा सापडलाय, वाहतूक बंद करून ती दिवसभर तिथेच उभी असते. मागे वारा घोंघावत होता. मी म्हटलं, साहेब खूश आहेत, सत्तावीस विरुद्ध चौदा. ती म्हणाली, "हो का." मी म्हटलं, कदाचित कायम होईन. ती म्हणाली, "छान झालं. तुला तेच हवं होतं ना."

फोन तिने ठेवला की तुटला, ते कळलं नाही. पुलाखाली आवाज नीट येत नसणार.

खरं सांगायचं तर ती बंदराबद्दल विचारेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. चार मुद्दे काढले होते. तिने विचारलंच नाही. सुटलो म्हणायला हवं. सुटल्यासारखं वाटलं नाही एवढंच.

३० मार्च, रविवार

ती आली नाही. काल दुपारी निरोप आला, "काम आहे." दोनच शब्द. दोन वर्षांत पहिल्यांदाच शनिवार चुकला. मी दोन माणसांचं जेवण करून बसलो होतो. ते काल रात्री खाल्लं, आज सकाळी खाल्लं, आत्ताही तेच खाणार आहे. आमटीचा मला आता वीट आला आहे.

आज सुट्टी असूनही प्रयोगशाळेत गेलो. बरण्यांना पीठ घालायला मावशी आल्याच होत्या. त्यांनी विचारलं, "मॅडम दिसल्या नाहीत काल स्टँडवर. मी त्या वेळी तिथूनच जाते, दर वेळी दिसतात."

"काम निघालं."

"तुम्ही जाता का कधी तिकडे?"

"तिला प्रवासाची सवय आहे."

"हो, सवय लागते माणसाला," मावशी म्हणाल्या आणि चाळण आपटली. "न येण्याचीही लागते."

मावशींचे यजमान लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवतात, आठवड्यातून दोन दिवस घरी. मी म्हटलं, मग तुमचं काय, तुमचा माणूस तर पक्का भटका. म्हणाल्या, "एकोणतीस वर्षं झाली. तो येतो ना." दिवसभर त्यांचा चेहरा असा, जसं मीच त्यांच्या पिठात खडे टाकलेत.

३१ मार्च, सोमवार

आज मावशींनी घोटाळा केला.

प्रयोगात वापरून झालेले नर त्या एका मोठ्या परातीत ओततात, चाळतात आणि पुन्हा बरणीत भरतात. आज परातीच्या कडेला चार ठिकाणी चाळायच्या पिठाचे ढीग ठेवलेले होते आणि एका ढिगात जास्तीच्या माद्या होत्या. मध्ये नर ओतले आणि तेवढ्यात यजमानांचा फोन आला म्हणून मावशी बाहेर गेल्या. पाऊण तासाने मी आलो, तर परात तशीच. मी ओरडणारच होतो. आधी सहज वाकून बघितलं.

पिवळे ठिपके ओतले तिथेच, परातीच्या मधोमध, एकमेकांना टेकून बसलेले. जसं मंगल कार्यालयात जेवणाची वाट बघणारे पाहुणे. पांढरे ठिपके मात्र एकही मध्ये नाही. एक ढीग, दुसरा ढीग, तिसरा, असे हुंगत हुंगत बहुतेक सगळे माद्यांच्या ढिगात पोचलेले. तिथे काय चाललं होतं ते प्रयोगवहीत लिहायला परवानगी आहे, या वहीत लिहायला मला लाज वाटते.

मावशी आल्या, त्यांनीही वाकून बघितलं.

"बघा की," त्या म्हणाल्या. "तुमच्या डबीत तुम्ही बायको उचलून पुढ्यात ठेवता. मग काय, बसलेलाच जिंकणार. चालणाऱ्याला बिचाऱ्याला वाटतं, शोधायची आहे, म्हणून तो शोधत सुटतो. इथे परातीत कोण आणून देणार?"

"मावशी, हे विज्ञान आहे."

"असेल. पीठ मी चाळते."

मी त्यांना बरंच काही बोललो. घोटाळा त्यांनी केला होता, त्यामुळे बोलायचा मला हक्क होता. बोलून झाल्यावर पुन्हा परातीपाशी गेलो आणि साडेपाचपर्यंत तिथेच उभा राहिलो.

२ एप्रिल, बुधवार

दोन दिवस दुसरं काही केलं नाही. मावशींनी सहा पराती जमवल्या, त्यातल्या दोन स्वतःच्या घरून. माझं परवाचं बोलणं मनावर घेतलेलं दिसत नाही, किंवा घेऊनही आणल्या. गुळगुळीत पत्र्यावर किड्यांचे पाय घसरतात, म्हणून तळाला कागद चिकटवला. चार ढीग, त्यातल्या एकात मादी, मध्ये एक नर, अर्धा तास. मादी कुठल्या ढिगात ते फक्त मावशींना माहीत.

भटके तिसातले बावीस. बैठे तिसातले सात.

पुन्हा मोजले. तेच.

म्हणजे महिनाभर मी जे मोजलं ते खोटं नाही, पण ते डबीचं मोजमाप होतं. बैठा नर डबीत राजा असतो, कारण डबीत शोधायचं काही नसतं. हे मला पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलाने ही चूक केली असती, तर मी त्याची सालटी काढली असती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो हा बैल.

साहेबांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. "परात कशाला मध्ये आणता? परातीवर पुढच्या वर्षी वेगळं काम करा. आत्ता डबी सांगा. डबी स्वच्छ आहे."

"पण सर, प्रयोगशाळेबाहेर किडे डबीत राहत नाहीत."

"तुम्हाला कायम व्हायचंय ना?"

व्हायचंय तर. मी काय संन्यास घेतलाय? रात्रभर जागून विचार करण्याचा माझा स्वभाव नाही, दहा वाजलेत, झोपतो. उशी मात्र एकच आहे, पलंग हल्ली विनाकारण रुंद वाटतो.

४ एप्रिल, शुक्रवार

दोन्ही सांगितलं. डबी आणि परात, दोन्ही आकडे शेजारी शेजारी. साहेब पहिल्या रांगेत बसले होते. परातीचं चित्र आल्याबरोबर ते खरोखर उठले आणि बाहेर गेले. आमच्या विभागाच्या इतिहासात हीसुद्धा नोंद व्हायला हवी. माझं पत्र आता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचणार नाही, हे उघड आहे.

शेवटी मागून एका बाईंनी विचारलं, "मग खरं कुठलं? चालणं नराच्या फायद्याचं, की तोट्याचं?"

मी म्हटलं, "दोन्ही खरं. मादी आयती समोर आली, तर चालणं तोट्याचं. ती लांब असली, तर न चालणं. उत्तर एवढ्यावरच अवलंबून आहे, की मादीला तिथे कोण आणतं..."

आणि पुढचं वाक्य मला सापडेना. पाठ केलेलं होतं. मावशी मागच्या दारात उभ्या होत्या, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी अर्धा मिनिट तसाच उभा होतो. सकाळी काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे झालं असणार. बाईंनी पाण्याचा ग्लास आणून दिला.

उद्या पहाटेच्या गाडीने बायकोकडे जातो आहे. कामासाठी. पुढच्या प्रयोगाला चांगली दोन मीटरची परात लागेल, खाली आधार कसा द्यायचा, मध्ये वाकणार तर नाही ना, हे तिला विचारायला हवं. ती अभियंता आहे. फोनवर आराखडा समजत नाही. शिवाय पाच तारीख उद्याच आहे, तेव्हा जाता जाता बंदराचंही बोलणं होईल. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतला मी नाही, पण आधी परातीचं विचारीन.

मावशींना बरण्या सांभाळायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "जा जा. किडे काही पळून जात नाहीत." मग स्वतःशीच म्हणाल्या, "अर्धे तर जातील," आणि मनापासून हसल्या.

५ एप्रिल, शनिवार

परत आलो. आठ वाजलेत. सगळं जसंच्या तसं लिहितो, कारण शेवटी एक गोष्ट आहे जी विसरून चालणार नाही.

जाताना दोनदा उलटी झाली. वळणांचा रस्ता आहे हे तिने कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. गुडघे समोरच्या बाकाला टेकतात, खिडकी बंद होत नाही, तिसऱ्या तासाला पाठ म्हणते आता मला इथेच उतरव. तेव्हा मी हिशेब केला. दोन वर्षं, दर दुसऱ्या शनिवारी. जायचे पाच तास, यायचे पाच. पाचशेच्या वर तास. किड्याचं चालणं मी मिलिमीटरमध्ये मोजतो, आणि हे मी आज, पिशवीत तोंड घालून, पहिल्यांदा मोजलं. एकदासुद्धा तिला विचारलं नव्हतं, आज प्रवास कसा झाला. जेवायला काय करू, एवढं विचारायचो. मला माझी अतिशय लाज वाटली.

पूल गावाबाहेर आहे. रस्त्यावर अडथळे लावलेले, शिरस्त्राणं घातलेली पाच-सहा माणसं. मी मॅडमचं विचारलं. एकाने विचारलं, आपण कोण?

"मी त्यांचा नवरा."

"मॅडमचे मिस्टर? आम्हाला वाटलं..." तो थांबला. दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. त्यांना काय वाटलं होतं ते मी विचारलं नाही.

ती पाळण्यात होती. म्हणजे यंत्राच्या हाताला लावलेला लोखंडी पाळणा असतो, तो पुलाच्या पोटाखाली घेऊन जातो. तासाभराने वर आली. मला बघून आधी घाबरलीच.

"काय झालं? आई बऱ्या आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. मी आलोय."

"ते दिसतंय. कशाला?"

मी खिशातून परातीचा आराखडा काढला. खरोखर काढला. तिने तो घेतला, उलटा-सुलटा बघितला, म्हणाली, "दोन मीटरला मध्ये दोन आडव्या पट्ट्या दे, वाकणार नाही." आणि परत दिला. "एवढ्यासाठी पाच तास आलास? तोंड बघ कसं झालंय तुझं. उलटी झाली ना? पुढच्या बाजूला बसायचं, चाकाच्या वर नाही."

मग मी म्हटलं, "आज पाच तारीख आहे."

"मी मागच्याच शनिवारी कळवलं."

"काय कळवलंस?"

"येते म्हणून. चौदा तारखेला हजर व्हायचंय. राहायची जागा एकट्यासाठी हवी की कुटुंबासाठी, असं विचारलं होतं. एकट्यासाठी लिहिलं."

मी पुलाच्या कठड्याला टेकलो. दंडाला धरून ती कठड्यापासून बाजूला हो म्हणाली, तिथल्याच खांबाला तडा आहे. माझ्या मनात त्या क्षणी दहा टोमणे आले. टोमणे मला नेहमी वेळेवर सुचतात. एकही मारला नाही. मागे तिची माणसं पुलाकडे बघत असल्याचं नाटक करत होती.

"उशीर झाला का मला?" मी विचारलं.

"कळवायला? हो, झाला."

"आणि बाकी?"

"बाकीचं तू मला कधी काही विचारलंयस? लग्नाचं मी विचारलं. बदलीच्या वेळी येतोस का, मी विचारलं. बंदराचंही मीच. तू 'बघू' म्हणतोस. अकरा वर्षं तू बघतो आहेस."

मी म्हटलं, "मी तुझ्याबरोबर येऊ का?"

आवाज इतका बारीक आला, की मला वाटलं वाऱ्याने नेला. पण तिने ऐकला. तिने हातमोजे काढून खिशात कोंबले. मग म्हणाली, "नाही."

"नाही?"

"आत्ता आलास तर माझ्यासाठी आलास असं होईल, आणि दोन महिन्यांत त्याचे टोमणे मला ऐकावे लागतील. मी तुला ओळखते. साहेबांनी काय केलं ते तू अजून सांगितलं नाहीस, पण काहीतरी केलंय. तिकडून सुटला म्हणून इकडे आला, तसंही मला नको." तिचे डोळे भरले होते, पण आवाज तिचा तो पुलावरचा, माणसांना सूचना देतानाचा. "पण विचारलंस ते बरं केलंस. मला वाटलं होतं, हे तुझ्या तोंडून ऐकायला मिळणारच नाही."

"मग मी काय करू?"

"प्रवास कर. एकोणीस तारखेच्या शनिवारी मी तिकडे नव्या घरी असेन. अकरा तास आहेत. येऊन बघ. जमलं तर पुन्हा ये. मला वचन नकोय तुझं. ये फक्त."

मी म्हटलं, "पत्ता पाठव फोनवर."

"नाही पाठवणार. सांगते, लक्षात ठेव. तुझ्या बरण्यांत कुठली पिढी कधी कोशात गेली ते मी दोन वर्षं लक्षात ठेवलं. तू एक पत्ता ठेव."

तेवढ्यात तिला हाक आली. ती पाळण्यात चढली, पट्टे आवळले, आणि यंत्र तिला पुलाबाहेर घेऊन निघालं तेव्हा तिने पत्ता सांगायला सुरुवात केली. वारा होता, यंत्राचा खडखडाट होता. निम्मा तिने ओरडून सांगितला. मी कठड्याजवळ धावलो, एकाने मला मागे ओढलं. मग ती पुलाखाली गेली.

पाच तास मी पत्ता म्हणत आलो. आधी मनात, मग तोंडाने. शेजारी बसलेले गृहस्थ पुढच्या थांब्यावर उठून दुसरीकडे बसले. या वेळी मी पुढच्या बाजूला बसलो होतो, चाकाच्या वर नाही, आणि उलटी झाली नाही. दाराचं कुलूप काढताना, दिवा लावताना, ही वही शोधतानाही म्हणतच होतो. आता लिहितो.

जुन्या दीपगृहाचा रस्ता, तिथून चढाची गल्ली, दोराच्या दुकानाशेजारची निळ्या खिडक्यांची इमारत. एवढं नक्की. पुढे मजला, तो दुसरा म्हणाली की तिसरा, तिथे यंत्राने घात केला. खोली डावीकडची, बहुतेक.

तिला फोन करून विचारणार नाही. दोन्ही मजल्यांवर सगळ्या दारांच्या घंटा वाजवीन.